मूल राहते कुठे आणि कागदावर असते कुठे

दरवर्षी होळी-रंगपंचमी उरकली की इंदूरच्या घराघरांत शाळाप्रवेशाची फाइल निघते. जन्मदाखला, आधार, समग्र आयडी, लसीकरणाचे कार्ड, चार फोटो. आई, वडील आणि मूल एका छताखाली राहत असतील तर हे काम एका सकाळचे. फार तर झेरॉक्सच्या दुकानात दोन फेऱ्या होतात. पण गेल्या दोन-तीन वर्षांत मंडळाचे कार्यक्रम संपल्यावर, चहा घेताना बाजूला बोलावून, एकच प्रश्न मला निदान पाच-सहा वेळा विचारला गेला आहे. विचारणारे बहुतेक वेळा आजी-आजोबा असतात. "मुलगी नातवाला घेऊन आमच्याकडे आली आहे, दीड वर्ष झाले. कोर्टात अजून काहीच नाही. शाळावाले पोराच्या पत्त्याचा पुरावा मागताहेत. वीजबिल माझ्या नावावर, मुलीचे आधार सासरच्या पत्त्याचे आणि पोराचे आधार जावयाच्या मोबाइलला जोडलेले. आता काय करायचे?"

प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, म्हणून तो एकट्यादुकट्याचा वाटतो. तसा तो नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १३ लाख ६० हजार लोक घटस्फोटित म्हणून नोंदले गेले आणि घटस्फोट न घेता वेगळे राहणारे त्यांच्या जवळपास तिप्पट होते. ही आकडेवारी आता जुनी झाली, पण तिच्यातले प्रमाण बोलके आहे. घटस्फोट झालेल्याकडे निदान कोर्टाचा हुकूमनामा असतो, त्यात मुलाचा ताबा कोणाकडे हे लिहिलेले असते. नुसते वेगळे राहणाऱ्याकडे दाखवायला काहीच नसते. "आम्ही वेगळे राहतो" असा दाखला देणारी खिडकी कुठल्याही कचेरीत नाही.

अडचणीचे मूळ अगदी साधे आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या नावावर वीजबिल नसते, भाडेकरार नसतो, मतदार ओळखपत्र नसते. त्याचा पत्ता नेहमी कोणा मोठ्या माणसाकडून उसना घेतलेला असतो. तो मोठा माणूस जिथे राहतो असे कागद म्हणतात, तिथे मूल राहते असे धरले जाते. आई माहेरी आली, मूल तिच्याबरोबर आले, पण आईचाच कागद सासरी राहिला असेल तर मूलही कागदावर सासरीच राहते. म्हणून मुलाच्या कागदांशी झगडण्याआधी आईचा पत्ता बदलणे हे पहिले काम आहे. मुलाला घेऊन वडील वेगळे राहत असतील आणि त्यांचेही कागद जुन्या घरचे असतील, तर त्यांनाही हेच लागू. आपल्याकडे बरेच जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात आणि प्रत्येक खिडकीवरून परत येतात.

त्यात आपल्या रीतीची एक भर आहे. पहिले बाळंतपण माहेरी. इंदूरच्या सुनेचे माहेर पुण्याला किंवा नाशिकला असेल तर बाळाचा जन्मदाखला तिथल्या महापालिकेचा असतो, आणि त्यावर आईवडिलांचा पत्ता म्हणून बहुधा सासरचे घर लिहिलेले असते, कारण दवाखान्यात फॉर्म भरताना तोच सांगितला गेला. म्हणजे मूल जन्मले एका गावी, पत्ता दुसऱ्या घरचा, आणि आज ते राहते तिसरीकडे. यात खोटे काहीच नाही, तरी तपासणाऱ्याला तीन कागदांवर तीन ठिकाणे दिसतात.

जन्मदाखल्याचे महत्त्व अलीकडे फार वाढले आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, पुढे वाहन परवाना आणि मतदार यादी या सगळ्यांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थानाचा पुरावा म्हणून हाच एक कागद. ही मुले येत्या काही वर्षांत शाळेच्या दारात उभी राहतील. दाखला जन्मतारीख आणि जन्मस्थान सिद्ध करतो. मूल आज कुठे राहते हे तो सांगत नाही आणि त्याने सांगावे अशी अपेक्षाही नाही. पण विभक्त पालकाला त्याचा मोठा उपयोग दुसऱ्या कारणासाठी होतो: त्यावर आईचेही नाव असते आणि वडिलांचेही. मूल माझे आहे हे सिद्ध करायला आईला दुसऱ्या कोणाची सही लागत नाही. मूळ दाखला सासरी कपाटात राहिला आणि मागायची सोय नाही, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. त्यासाठी भांडण काढू नये. जिथे जन्माची नोंद झाली त्या निबंधकाकडून दाखल्याची प्रत पुन्हा मिळते, कायद्यात तशी तरतूद पहिल्यापासून आहे.

आता आधार. पाच वर्षांखालच्या मुलाचे निळे बाल आधार बोटांचे ठसे न घेता काढले जाते. आई किंवा वडील यांपैकी एकाच्या आधाराला ते बांधलेले असते, पत्ताही त्याच पालकाचा येतो. इथे बापाची संमती हवी, असे केंद्रावरचा मुलगा कधी कधी सांगतो. नियम एका पालकाचा आहे. आईचे स्वतःचे आधार नव्या पत्त्यावर आले असेल आणि ती जन्मदाखला घेऊन मुलासह केंद्रावर प्रत्यक्ष गेली, तर तिच्या बोटांच्या ठशांवर काम होते. जावयाच्या मोबाइलवर ओटीपी जाण्याचा प्रश्न घरबसल्या ऑनलाइन करायला गेले तर येतो. केंद्रावर मोबाइल नंबरही बदलून घेता येतो, तो त्याच फेरीत बदलावा. मुलाला पाच वर्षे पूर्ण झाली की ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावीच लागते, पुन्हा पंधराव्या वर्षी. पाचव्या वर्षीची ही फेरी पत्ता सुधारून घेण्याची चांगली वेळ आहे.

पण आईचा पत्ता माहेरी आणायचा कसा? घर आजोबांचे, बिल त्यांचे. जानेवारी २०२३ पासून यासाठी एक सोय झाली आहे, ती आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलता येतो. आजोबा कुटुंबप्रमुख म्हणून आपला आधार क्रमांक देतात, मुलीशी नाते दाखवणारा कागद जोडला जातो, आणि आजोबांना संदेश आल्यावर ३० दिवसांत त्यांनी मान्यता द्यायची असते. नात्याचा कागद नसेल तर आजोबांचे ठराविक नमुन्यातले स्वयंघोषणापत्र चालते. दुसरा मार्ग पार्षदाच्या किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या दाखल्याचा. त्याचा नमुना आधार प्राधिकरणाने ठरवून दिला आहे, साध्या लेटरहेडवर लिहून आणलेले पत्र परत पाठवतात, आणि दाखला तीन महिनेच चालतो. मान्य कागदांची यादी मधून मधून बदलते, म्हणून जाण्याच्या दिवशी ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

एवढे झाले की मुलाचा पत्ता हलायला हरकत नाही. आणि इथेच मध्य प्रदेशात राहणाऱ्यांसाठी एक जादा पायरी आहे, जी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना सांगून कळत नाही. ती म्हणजे समग्र आयडी. आठ आकडी क्रमांक कुटुंबाचा, नऊ आकडी क्रमांक त्यातल्या प्रत्येक सदस्याचा. शाळा, शिष्यवृत्ती, रेशन, सरकारी योजना, सगळीकडे हा आकडा लागतो. व्यवस्था चांगली आहे, कामेही तिने सोपी केली आहेत. पण तिचा पाया कुटुंब हा आहे. माणूस तिथे कोणत्या तरी कुटुंबाचा सदस्य म्हणूनच अस्तित्वात असतो. जोडपे वेगळे झाले तरी समग्रमध्ये मुलगी आणि नातू सासरच्या आठ आकड्यांतच बसून राहतात, कदाचित देवासच्या किंवा उज्जैनच्या एखाद्या वॉर्डात. त्यांना माहेरच्या कुटुंबात आणायला किंवा आई-मुलाचे वेगळे कुटुंब करायला वॉर्ड किंवा झोन कार्यालयातून सदस्य हलवावे लागतात. आधार आधीच सुधारलेले असेल तर ई-केवायसीच्या वेळी नवा पत्ता जुळतो. म्हणून आधार आधी, समग्र नंतर. ओळखीतल्या एका मुलीला एका काउंटरवर सांगण्यात आले की मुलाचे नाव काढायचे तर बापाला घेऊन या. ती तीन महिने गेलीच नाही. पुढे दुसऱ्या माणसाने तिचेच कागद पाहून काम करून दिले. अशा वेळी कोणत्या नियमाखाली सही हवी ते लेखी द्या, असे शांतपणे म्हणावे. लेखी मागितले की पुष्कळ अडचणी तिथेच मिटतात.

पासपोर्टच्या बाबतीत, आश्चर्य वाटेल, पण गोष्टी बऱ्या आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले. अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचे नाव पुरते, आणि जोडपत्रे साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून चालतात, नोटरीची गरज नाही. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर त्यासाठी वेगळे जोडपत्र, 'सी' अक्षराचे, आहे. त्यात कारण लिहायचे असते. ते खरे लिहावे, आणि कोर्टात ताब्याचा वाद चालू असेल तर तो मुळीच लपवू नये. अल्पवयीन मुलाच्या सध्याच्या पत्त्यासाठी अर्ज करणाऱ्या पालकाच्या नावाचा पुरावा चालतो, म्हणजे इथेही गाडी आईच्या कागदावर येऊन थांबते.

शाळेबद्दल थोडक्यात. आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट केले आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते. पत्ता खरा लागतो तो त्याच कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांसाठी, कारण तिथे शेजारच्या मुलांना प्राधान्य आहे आणि आपल्याकडे शहरात शेजार वॉर्डावरून ठरतो. कागदावर मूल दुसऱ्या वॉर्डात असेल तर दारासमोरची शाळा हातची जाते. ज्या आईला पोटगी मिळत नाही तिच्यासाठी हा आठ-दहा वर्षांच्या फीचा प्रश्न आहे.

आता कायद्याचे मूळ पाहू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असे शब्द आहेत, मात्र पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा असेही तिथेच म्हटले आहे. काउंटरवरचा बाबू बापाची सही मागतो ती या 'त्यांच्यानंतर'च्या छायेत. पण हा शब्द कोर्टांनी केव्हाच मोकळा केला आहे, आणि त्याची सुरुवात एका मराठी घरातून झाली, हे आपल्याला माहीत असायला हवे. जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान हा विदर्भातला शेतजमिनीचा खटला. मुलगी अल्पवयीन असताना तिच्या वतीने आईने जमीन कुळाला लावून दिली होती. वडील हयात होते, पण आईवडील वीसेक वर्षे वेगळे राहत होते आणि मुलीच्या कारभारात वडिलांनी लक्ष घातले नव्हते. आईने केलेला व्यवहार खरा की खोटा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७० मध्ये न्यायालयाने म्हटले की अशा स्थितीत वडील असून नसल्यासारखेच, आणि आईला नैसर्गिक पालक मानायला हरकत नाही.

पुढे १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतः सही केली. बँकेने अर्ज परत पाठवला, वडिलांची सही किंवा पालकत्वाचा दाखला मागितला. नवरा-बायकोत भांडण नव्हते, नवऱ्याची हरकतही नव्हती. १९९९ मध्ये निकाल लागला: 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असा नाही, त्यांच्या अनुपस्थितीत असा आहे. मुलाच्या देखभालीबाबत उदासीन असलेला, किंवा वेगळ्या ठिकाणी राहत असल्यामुळे मुलाकडे पाहू न शकणारा बाप त्या अनुपस्थितीत येतो. २०१५ मध्ये अविवाहित मातेच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले आणि जन्मदाखल्यासाठी तिच्या प्रतिज्ञापत्रावर थांबावे, असे निर्देश दिले. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम ठरवला. नावाच्या बाबतीत आपण इतके पुढे आलो. पत्त्याच्या बाबतीत मात्र कागद अजून 'कुटुंब कोणाचे' हेच विचारतो.

विचारायला हवा तो प्रश्न आपल्याच कायद्यात १८९० पासून पडून आहे. त्या सालच्या पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम ९ नुसार ताब्याचा अर्ज कुठल्या कोर्टात करायचा हे मूल 'सामान्यतः कुठे राहते' यावरून ठरते. रुची मजू खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे वस्तुस्थिती पाहून ठरवायचे. मूल कुठल्या शाळेत जाते, कोणाबरोबर राहते, तिथे स्थिरावले आहे का. जर्मनीच्या रहिवासी नोंदणी कायद्यात हीच गोष्ट सरळ लिहिली आहे: आईवडील वेगळे राहत असतील तर मूल ज्या पालकाचे घर जास्त वापरते ते त्याचे मुख्य घर. आपल्या कोर्टाला जे कळते ते आपल्या खिडकीला कळू नये, यात कायद्याचा दोष कमी आणि संगणकाच्या फॉर्ममधल्या रकान्याचा जास्त आहे. एक साधा रकाना, 'मूल सध्या कोणत्या पालकाबरोबर राहते', आणि त्या पालकाची स्वयंघोषणा, एवढ्याने निम्मी गर्दी कमी होईल असे मला वाटते.

यातून हेही दिसते की पत्ता ही नुसती कारकुनी बाब नाही. मुलाचे राहण्याचे ठिकाण उद्या कोर्टाच्या अधिकारक्षेत्राशी जोडले जाऊ शकते. म्हणून दुसऱ्या बाजूचे वडील पत्ता बदलला म्हणताच घाबरतात, आणि त्यांची भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. मुलावर जीव असलेले, दर रविवारी त्याला भेटायला येणारे बापही आपल्या ओळखीत आहेत. पण पत्ता बदलल्याने ताब्याचा निकाल लागत नाही, आणि वडिलांचे मुलाशी असलेले नाते तुटत नाही. जिथे बोलणे चालू आहे तिथे दोघांनी एका कागदावर लिहून सह्या कराव्यात की मूल सध्या आईबरोबर अमुक पत्त्यावर राहते आणि यामुळे कोणाचाही हक्क कमी होत नाही. ज्येष्ठ नातेवाइकांनी मध्यस्थी करायचीच असेल तर या एका पानासाठी करावी. बोलणे बंद असेल तर वकिलाकडून कुटुंब न्यायालयात अंतरिम ताब्याचा आदेश घेणे बरे, तो पुढे प्रत्येक खिडकीवर उपयोगी पडतो. आणि लसीकरणाचे कार्ड, बालरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, बालवाडीच्या पावत्या तारखेनुसार एका पिशवीत ठेवाव्यात. मूल कुठे राहते हे त्यांच्याइतके खरे कोणी सांगत नाही.

खरे तर बहुतेक घरांत उशीर होतो तो नियमांमुळे नाही. पत्ता बदलला म्हणजे लग्न मोडले असे मान्य केल्यासारखे होईल, या धास्तीने आई-आजी थांबून राहतात. "दिवाळीपर्यंत बघू." दिवाळी जाते, संक्रांत जाते, आणि प्रवेशाची शेवटची तारीख उद्यावर येते. माहेरी राहणाऱ्या मुलीच्या आधारावर माहेरचा पत्ता आला म्हणून लग्न संपत नाही. ती परत गेली तर पत्ता पुन्हा बदलता येतो.

आपल्या मंडळाच्या सभासद-सूचीचा अर्जही काही वेगळा नाही. वर 'कुटुंबप्रमुख', खाली 'कुटुंबातील व्यक्ती'. मागच्या वेळी अर्ज गोळा करताना एका आजोबांच्या अर्जावर मुलीचे आणि नातवाचे नाव लिहून खोडलेले दिसले. विचारले तर म्हणाले, "ती तिकडची ना." नातू त्या आठवड्यात आपल्याच बालनाट्याच्या तालमीला येत होता. पुढच्या अर्जात तो रकाना 'या पत्त्यावर राहणाऱ्या व्यक्ती' असा करावा, असे पत्र मी कार्यकारिणीला दिले आहे.